बाहुल्यांच्या खेळातून राजकीय टीका आणि लोकशिक्षण खरंच होतं, की तो नुसता पोरांचा खेळ? शाळेत वापरून बघावं का?

होतं की. सरकारं बाहुल्यांमागे चौकश्या लावतात ती उगाच नाही.

माझं आवडतं उदाहरण फ्रान्समधल्या ल्यों शहराचं. लोराँ मूर्गे मूळचा रेशीम विणणारा. राज्यक्रांतीनंतर रेशमाचा धंदा बसला तसा तो फेरीवाला झाला, मग दात उपटू लागला आणि गिऱ्हाईक जमावं म्हणून हातात घालायच्या बाहुल्या नाचवू लागला. पुढे पक्कड सुटली, बाहुल्या राहिल्या. १८०८च्या सुमारास त्यातून गिन्योल हा बाहुला आला: गरीब विणकर, भाडं थकलेला, तोंडाचा फटकळ. जोडीला जोडे शिवणारा दारूबाज न्याफ्राँ. घरमालक आणि पोलीस आले की त्यांना काठीचा प्रसाद ठरलेला.

मूर्गेला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे संवाद कागदावर नसायचे. गावात जे चाललंय तेच खेळात यायचं. मग हरकत घ्यायची कशावर? १८५२मध्ये, फ्रान्सचा सत्ताधीश लुई नेपोलियनच्या काळात, हुकूम आला: संहिता आधी लिहून मंजूर करून घ्या, पदरचं काही बोलू नका. सेन्सॉरवाले हुशार म्हणायचे. बाहुलीच्या तोंडी वाक्य कोण घालतं, यावरच सगळं असतं हे त्यांना बरोबर कळलं होतं.

रशियात १९९४पासून एनटीव्ही वाहिनीवर ‘कुक्ली’ हा पुढाऱ्यांची टर उडवणारा बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा. १९९५मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन आणि पंतप्रधान चेर्नोमिर्दिन यांना भिकारी दाखवल्यावर फौजदारी प्रकरण सुरू झालं, पुढे बारगळलं. २०००मध्ये पुतिन झाले परीकथेतलं कुरूप बुटकं, जे जादूमुळे सगळ्यांना देखणं दिसतं. या वेळी प्रकरण हसण्यावारी गेलं नाही. २००१मध्ये वाहिनी गॅझप्रोम या सरकारी वायुकंपनीच्या ताब्यात गेली, २००२मध्ये कार्यक्रम संपला.

लोकशिक्षणाचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेची ‘कामी’ बघा. २००२मध्ये ‘तकलानी सेसमी’ या मुलांच्या मालिकेत आलेली ही पाच वर्षांची अनाथ बाहुली एचआयव्हीबाधित होती. ती आजारावर भाषण देत नाही. तिला खेळायला सवंगडी हवे असतात, आईची आठवण येते. एवढ्यावरही अमेरिकेतल्या काही खासदारांनी तिथल्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीला काळजीचं पत्र धाडलं!

आपल्याकडेही मोठी परंपरा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी टिकवली, त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१चं पद्मश्री मिळालं. पाध्यांचा अर्धवटराव तर भल्याभल्यांना तोंडावर टोमणे मारतो आणि ज्याला मारले तोच आधी हसतो. पण ‘जनजागृती’च्या नावाखाली होणारे बरेच खेळ मला सपक वाटतात. कुठल्या तरी कार्यालयातून घोषवाक्यं येतात, बाहुली ती म्हणून दाखवते, पोरं चुळबुळत बसतात. पुन्हा तोच १८५२चा हुकूम, फक्त गोड आवाजात.

तुम्ही शाळेत करणार असाल तर संहिता लिहू नका. जुने पायमोजे, बटणं, सुई-दोरा द्या आणि एक पात्र नक्की असू द्या ज्याच्या हातात सत्ता आहे: मुख्याध्यापक, सरपंच, रेशन दुकानदार, कुणीही. बाकी मुलांवर सोडा. पडद्याआड गेलं की एरवी तोंड न उघडणारी पोरंही शाळेतल्या पाण्याच्या टाकीपासून वडिलांच्या दारूपर्यंत सगळं बोलतात. दारूसारखं काही निघालं तर त्या मुलाशी नंतर एकट्याने बोला, वर्गात चर्चा नको. आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांपुढे हाच खेळ करायचा हट्ट धरू नका. तिथे पोहोचेपर्यंत कुणीतरी तो ‘तपासून’ देतंच.