लॉ तुला येतं, बसणं येत नाही

ताई, मी 23 वर्षांची, नेरूळला राहते. सीए इंटरचा पहिला ग्रुप दोनदा राहिला, दोन्ही वेळा लॉमुळे. मागच्या वेळी 34 पडले. गेल्या वर्षी सायकियाट्रिस्टनी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, ते) निदान केलं. गोळ्या चालू आहेत, थोडा फरक आहे. बाबांनी अभ्यासिका लावून दिली, तिथे सकाळी आठ ते रात्री आठ बसते. पण अर्ध्या तासात पाय हलायला लागतो, खुर्ची करकरते, शेजारच्या मुलाने दोनदा तक्रार केली. एकच पान चार-चारदा वाचते तरी डोक्यात शिरत नाही. (माझी मैत्रीण मात्र पास झाली. तिला कंपनी लॉ मीच शिकवलं होतं, रात्री फोनवर, पार्किंगमध्ये फेऱ्या मारत. हसू नका!) बाबा एका शब्दाने बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. ते दर महिन्याला फी भरतात आणि मी तिथे नुसती वेळ काढते. मला शिस्त कशी लागेल? की सीए सोडून देऊ?
– खुर्चीतली कैदी, नेरूळ

हसले नाही गं. ते कंसातलं तेवढं पुन्हा वाचलं आणि बाकीचं पत्र बाजूला ठेवलं.

जिला लॉ येत नाही, तिच्याकडून शिकून दुसरी पास कशी झाली? फोनवर कुणाला कंपनी लॉ समजावून सांगायचं तर नुसतं पाठांतर पुरत नाही. नियम का केला ते कळलेलं असावं लागतं, अपवाद तोंडावर असावे लागतात, तिने मध्येच शंका काढली तर मागे जाऊन पुन्हा धागा पकडावा लागतो. हे सगळं तू केलंस. हातात पुस्तक नाही, दिवसभर बारा तास बसून डोकं शिणलेलं, आणि स्कूटरींमधून वाट काढत फेऱ्या चाललेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेत त्याच प्रकरणाचं पहिलं पान तुला पुढे जाऊ देत नाही. मधे बदललं काय? तुला बसवलं, एवढंच.

आणि हे तू कंसात लिहितेस!

पाय हलतो म्हणून लक्ष लागत नाही, असं तू धरून चालली आहेस. 2015 साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी हेच तपासलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या मुलांच्या घोट्याला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं आणि त्यांना संगणकावर एक चाचणी दिली. मधला बाण कुठे वळलाय ते सांगायचं, आजूबाजूचे बाण फसवायला ठेवलेले. मुलांचं उत्तर बरोबर आलं त्या वेळी त्यांचे पाय जास्त जोरात हलत होते. फ्लोरिडातल्या गटाने 8 ते 12 वर्षांच्या मुलग्यांना ऐकलेलं डोक्यात धरून त्याची जुळवाजुळव करायला लावली. एडीएचडी असलेले जितके चुळबुळत होते, तितकं त्यांना चांगलं जमत होतं. ज्यांना एडीएचडी नाही त्यांचं उलट, हलले की गडबड. तुझ्या शेजारच्याला खुर्चीच्या आवाजाचा त्रास होतो तो होवो बापडा, पण त्याची शांत बसण्याची रीत तुझ्या कामाची नाही.

मेंदूला सावध ठेवणारी डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं एडीएचडीत पुरेसं काम करत नाहीत, असं मानतात. त्यावरची बहुतेक औषधं याच दोघांवर काम करतात, आणि शरीर हललं की मेंदूला तीच चालना थोडीफार मिळते. पाय हलवून तू स्वतःला जागं ठेवत होतीस. आपल्याकडे ‘एका जागी नीट बस’ हे मुलींना इतक्या लहानपणापासून ऐकवलं जातं, की त्या चुळबुळही आतल्या आत करायला शिकतात आणि मग निदान विशी उलटल्यावर होतं. असो. हे प्रयोग लहान मुलांवरचे आहेत हे खरं, पण तुझ्याकडे तुझा स्वतःचा पुरावा आहे आणि तो पुरावा इंटरचा ग्रुप पास होऊन बसलाय. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करायच्या नाहीत. चालायचं ते गोळ्या घेऊन.

तू शिस्त मागितलीस. बारा तास खुर्चीत बसून राहणारीला मी आणखी कसली शिस्त लावू? बाबांचं न बोलणं, त्यांनी भरलेली फी, हे सगळं मनात घेऊन तू तिथे प्रायश्चित्त घेत बसली आहेस. त्याला सीएची परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट मार्क देत नाही.

येत्या एक तारखेपासून अभ्यासिका बंद. विचार करून बघ, जमलं तर बघ, असलं काही मी सांगत नाहीये. बंद.

मैत्रिणीला पुन्हा कामाला लाव, ती तुझं देणं लागते. रोज रात्री पाऊण तास फोन आणि एक प्रकरण तू तिला सांगायचंस. ती कंटाळली तर मोबाइलवर रेकॉर्ड कर, पण मोठ्याने बोल. कंपनी कायद्याचं कलम 173 घे. एका खांबापासून निघालीस की नियम म्हण: वर्षाला किमान चार बोर्ड मीटिंग, दोन मीटिंगमध्ये 120 दिवसांहून जास्त खंड नको. दुसऱ्या खांबाशी वळताना स्वतःला विचार, का? परत येताना उत्तर दे: चार-चार महिने संचालक भेटलेच नाहीत तर कंपनी चालवतंय कोण? पुढच्या फेरीला अपवाद: एकट्या माणसाची कंपनी, छोटी कंपनी, निष्क्रिय कंपनी यांना दर सहामाहीत एक मीटिंग पुरते, पण दोन मीटिंगमध्ये किमान 90 दिवस गेलेले हवेत. चाळीस पानं पिवळ्या हायलायटरने रंगवून जे राहत नाही, ते असं राहतं का बघ.

सकाळी ऊन चढायच्या आत पाम बीच रोडच्या कडेला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर जा. कानात इयरफोन घाल. हल्ली स्वतःशी बडबडत चालणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही, सगळ्यांना वाटतं ऑफिसची मीटिंग चालली आहे. पावसात पार्किंग आहेच. सोसायटीत कोणी भुवया उंचावल्या तर उंचावू देत.

अकाउंट्स आणि टॅक्स चालता चालता होणार नाहीत, ते लिहावेच लागतात. दुपारी घरचं आवरलं की स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून लिही. उंची बरोबर असते, आणि या पायावरचा भार त्या पायावर टाकला तर काही करकरत नाही. गणित सुटलं की घरातल्या घरात एक चक्कर मार, मग पुढचं.

आता तू म्हणशील, परीक्षेत तीन तास बसावंच लागतं. लागतं. पण तिथे नवीन काही डोक्यात घालायचं नसतं, आत असलेलं कागदावर उतरवायचं असतं. त्याची सवय म्हणून रविवारी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून बसून सोडव, इतर दिवशी नाही. पेपरच्या दिवशी सेंटरच्या गेटवर नोट्स उलटणाऱ्यांच्या घोळक्यात थांबू नकोस. 20 मिनिटं झपाझप चालून ये आणि मग आत जा. 2013 च्या एका प्रयोगात एडीएचडी असलेल्या मुलांना ट्रेडमिलवर 20 मिनिटं चालवलं, तेव्हा त्यानंतरच्या वाचनाच्या आणि गणिताच्या चाचण्या त्यांनी, तेवढाच वेळ बसून वाचल्यानंतर दिल्या त्यापेक्षा चांगल्या दिल्या होत्या.

सीए सोडण्याचं आत्ता बोलूच नकोस. बसून केलेल्या अभ्यासाचे मार्क 34. चालून केलेल्या अभ्यासाचे अजून यायचेत. 2024 पासून इंटर वर्षातून तीनदा होते, म्हणजे तुला फार थांबावं लागणार नाही.

राहिले बाबा. ते का बोलत नाहीत याचा शोध तू किंवा मी लावायची गरज नाही, बोलायचं तुला आहे. रात्री जेवताना हा विषय काढू नकोस. तू रडशील, गाडी फीवर जाईल, आणि सगळे गप्प जेवून उठतील. सकाळी ते ऑफिसला निघाले की त्यांच्याबरोबर नेरूळ स्टेशनपर्यंत चालत जा. ‘बाबा, अभ्यासिका बंद करतेय, मला चालताना चांगलं लक्षात राहतं’ एवढं सोसायटीच्या गेटबाहेर पडल्या पडल्या सांगून टाक. उरलेल्या रस्त्यात त्यांना जे विचारायचं ते विचारू दे. रिक्षा करूया म्हणाले तर नको म्हण.