करडू पडलं की आधी नाक बघ

कोकण कन्याळ शेळ्या घेतल्यास, बरं केलंस. पावसात विणार असतील तर श्वासाचं थोडं समजून घे.

फुप्फुसात ताण ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. हवा भरली की व्हेगस या फुप्फुसातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवाटे ती मेंदूला ‘आता पुरे’ कळवतात. हेरिंग आणि ब्रॉयर या शास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये दाखवलेलं हे. नवजात पिल्लात ही यंत्रणा भलती जोरात असते. उंदरांच्या संवेदी नसांतून पिएझो२ हे ताण ओळखणारं प्रथिन काढलं, तर पिल्लं जन्मताच धाप लागून मरतात.

करडू जन्मलं की तुझं काम सोपं. तोंडानाकातला चिकटा बोटाने काढ, भाताची काडी नाकपुडीत हळूच फिरव. करडू शिंकतं, आचका देऊन हवा ओढतं. (काडीने चाळवते ती नस चेहऱ्याची, फुप्फुसाची नव्हे, चालतंय.) मग सुक्या गोणपाटाने अंग खसाखसा चोळ.

गावात कुणी ना कुणी ‘घशात दोन थेंब दारू सोड’ म्हणणारच. अजिबात नको! कोवळ्या घशाला पातळ काही लागलं की श्वास उलट थांबतो. मागचे पाय धरून लटकवत ठेवायचंही खूळ आहे. आतड्यांचा भार श्वासपटलावर येतो. चीक पाजायचा तो करडू मान धरायला लागल्यावर, सडालाच लावून.