कुवेतच्या पावसात काम करताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नोव्हेंबरात तू पाइपलाइनच्या साइटवर सुपरवायझर म्हणून कुवेतला रुजू होणार असल्याचे तुझ्या वडिलांकडून समजले. उन्हाची भीती तुला सगळ्यांनी घातली असेल आणि ती खोटी नाही. जुलै 2016 मध्ये तिथल्या मित्रिबा येथे 53.9 अंश तापमान नोंदले गेले. पण उन्हासाठी तिथे कायदा आहे, जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावरचे काम बंद ठेवावे लागते. पावसाच्या दिवशी मात्र काम थांबवायचे की नाही, हे पुष्कळदा तुलाच ठरवावे लागेल, आणि कोकणातला माणूस नेमका तिथेच चुकतो.

आपला पाऊस उबेचा असतो. दिवसभर भिजत भातलावणी केली तरी चुलीजवळ बसले की अंग सावरते, म्हणून भिजण्याचे आपल्याला काही वाटत नाही. कुवेतमध्ये वर्षभरात सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा थंडीच्याच महिन्यांत येतो. त्यामागून वायव्येचा शमाल वारा सुटला, की दहा अंशांतही ओल्या कपड्यातला माणूस तासाभरात गारठतो, कारण पाणी अंगातली उष्णता कोरड्या हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते.

एका जानेवारीत संध्याकाळी एकच जोड उरला होता, म्हणून मी माणसांना पावसात खंदकातच थांबवले. वीस मिनिटांत आमच्यातल्या एका तरुण मदतनिसाच्या हातून नट तीनदा निसटला. मी त्याला दरडावले, आणि तो काहीतरी अडखळत बोलला तेव्हा माझ्या ध्यानात आले की तो आता कुडकुडतही नाही. त्याला गाडीत घेतले, तर स्वतःच्या कव्हरऑलचे बटण त्याला काढता येईना. कोरडे कपडे, घोंगडी आणि गोड चहा यांवर तो सावरला, पण ती चूक माझीच होती. बोटे जड होणे, बोलणे अडखळणे आणि थंडी कायम असताना कुडकुडणे थांबणे ही लक्षणे तू नीट लक्षात ठेव. शेवटचे दिसले तर तो सरावला असे समजू नकोस. लगेच ओले कपडे उतरव, अंग चोळू नकोस, आणि गाडी थेट दवाखान्याकडे वळव.

तिथली जमीनही आपल्यासारखी नाही. वाळूच्या खाली पुष्कळ ठिकाणी 'गच' नावाचा कठीण थर असतो, त्यामुळे पाणी पटकन मुरत नाही आणि सखल भागात तळी साचतात; नोव्हेंबर 2018 च्या पावसात तर विमानतळावरची उड्डाणे थांबवावी लागली होती. कोरडी असताना सरळ उभी राहिलेली खंदकाची भिंत भिजल्यावर न सांगता ढासळते, म्हणून पाऊस थांबल्यावर, ऊन पडले तरी, तपासणी झाल्याशिवाय कोणालाही खाली उतरू देऊ नकोस. जनरेटरच्या केबली पाण्यात पडलेल्या असतील तर आधी वीज तोड. ढग गडगडला की क्रेन आणि स्कॅफोल्डिंग रिकामे कर आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांब. उघड्या वाळवंटात वाट सोडून गाडी घालू नकोस, कारण 1990-91 च्या युद्धात पेरलेले सुरुंग अजूनही पावसाने उघडे पडतात.

आणखी एक गोष्ट कॅम्पमधली आहे. भिजून आलेली माणसे खोलीत शेगडीत कोळसे पेटवतात आणि गारवा येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून झोपतात. त्या कोळशाच्या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत. पावसाच्या रात्री स्वतः खोल्यांवरून फिर. शेगडी दिसली तर रागावण्याआधी त्यांच्या कोरड्या ब्लँकेटांची सोय कर.

बॅगेत लोकरी पायमोज्यांचे चार जोड टाक. पोहोचलास की कळव.