लाईनचा (विजेचा) भरवसा नसलेल्या गावात घरच्या स्टिरिओसाठी म्युझिक सर्व्हर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घाटंजी तालुक्यात गावात घर, बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर अजून चांगले वाजतात, 300 च्या आसपास सीडी, शिवाय पेटीभर कॅसेट. बजेट 30 हजार. लॅपटॉप न जोडता आपला आपण चालेल असा म्युझिक सर्व्हर, म्हणजे गाण्यांच्या फाईल साठवून स्टिरिओवर वाजवणारी पेटी, कोणती घ्यावी?

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. घरात पाच वर्षांपासून असा सर्व्हर चालवतो, त्यामुळे आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा कॉम्प्युटर (2 जीबीचा पुरे; पुढे नुसतं पाय म्हणतो), तो चालवायला पायकोअरप्लेयर ही सिस्टीम, गाण्यांसाठी लिरियन म्युझिक सर्व्हर हे सॉफ्टवेअर, एक साधा पण चांगला यूएसबी डॅक (फाईलचे आकडे अ‍ॅम्प्लिफायरला कळेल अशा आवाजात बदलणारी डबी) आणि 500 जीबीच्या दोन एसएसडी (आत काही न फिरणाऱ्या डिस्क). दोन कशाला, ते खाली सांगतो. डॅकमधून आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनांची) अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये लावायची, गाणं फोनवरून निवडायचं, झालं. भाव वरखाली होत असतात, पण हे सगळं 30 हजारांत बसवता येतं.

रेडीमेड पेट्या मिळतात. ब्लूसाउंडचा व्हॉल्ट आहे, ब्रेननचीही पेटी आहे. सीडी आत टाकली की त्या स्वतःच तिची नक्कल करून साठवतात. इनुओस, ऑरेंडर या महागड्या कंपन्यांची तर गोष्टच वेगळी. वस्तू चांगल्या आहेत, पण व्हॉल्टसारख्या पेटीचा आकडा तुमच्या बजेटच्या फार पुढे जातो, आणि बिघडली तर घाटंजीत काय, यवतमाळातही उघडून बघणारा माणूस सापडणं कठीण. पाय बिघडला तर नवा बोर्ड मागवायचा, तो आला की जुनं मेमरी कार्ड त्यात घालायचं, त्याच संध्याकाळी गाणी सुरू. आवाजाच्या काळजीने महाग पेटी घेऊ नका. सर्व्हर फक्त फाईल वाचून पुढे पाठवतो. आवाज घडतो तो डॅक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि खोलीत, आणि यातही सर्वांत जास्त फरक स्पीकरचा आणि खोलीचा.

आपल्याकडे खरा प्रश्न लाईनचा आहे. लाईन नुसती जात नाही, ती तीन-चारदा लुकलुकते आणि मग जाते. येतानाही तसंच. साधा कॉम्प्युटर किंवा नॅस (घरच्या नेटवर्कवर फाईल साठवणारी डिस्कची पेटी) अशा वेळी काहीतरी लिहीत असतो आणि फाईल अर्धवट राहते. माझा पहिला पाय असाच दर दोन-तीन महिन्यांनी कार्ड खराब करून बसायचा. पायकोअरप्लेयर सुरू होताना पूर्णपणे रॅममध्ये चढतो आणि नंतर कार्डाला जवळजवळ हात लावत नाही. त्यामुळे सरळ प्लग ओढला तरी सिस्टीम शाबूत राहते. मी तो लावल्यापासून कार्ड बदललेलं नाही. व्हॉल्युमिओ आणि मूड या पायवरच्या दुसऱ्या सिस्टीम दिसायला जास्त देखण्या आहेत, शहरात राहत असतो तर कदाचित त्यांतलीच एक घेतली असती.

इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. त्या मोडवर लाईन गेल्यावर बदल इतक्या लवकर होतो की पाय बंद पडत नाही. मात्र व्होल्टेज फार उतरलं की त्याच मोडमध्ये इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, आणि ओलिताच्या दिवसांत डीपीवर लोड आला की ते रोजचंच होतं. म्हणून रब्बीत मी नॉर्मल मोडवर ठेवतो आणि गाणं मधेच थांबलं तर थांबू देतो. पावसाळ्याच्या तोंडी गडगडायला लागलं की मात्र अ‍ॅम्प्लिफायरसकट सगळ्यांचे प्लग काढायचे, राउटरचाही. बटण बंद करून भागत नाही.

उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तुमच्याकडेही फार वेगळं नसेल. पाय 80 अंशांच्या वर गेला की स्वतःचा वेग कमी करतो. गाणी वाजवायला त्याला फार काम नसतं, तरी पंखा नसलेली, सबंध अ‍ॅल्युमिनियमची जाड केस घ्या. पंखा घेतलात तर तो मळणीची धूळ आणि तूस ओढून महिन्यात कर्कश वाजायला लागतो. पेटी अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. कूलरच्या झोतासमोरही नको, ती ओल जोडण्यांना गंज आणते. कूलर आणि सर्व्हर एकाच स्विचबोर्डावर असतील तर कूलर सुरू होताना स्पीकरमध्ये टक् असा आवाज येईल. माझ्याकडे तर पायच रीस्टार्ट व्हायचा, वेगळ्या बोर्डावर नेला आणि थांबला.

इंटरनेटवर अवलंबून राहील असं काही घेऊ नका. रून हे गाणी लावायचं सॉफ्टवेअर सुंदर आहे, पण त्याला वर्गणी लागते, आणि टॉवर बंद पडल्यावर कंपनीच्या सर्व्हरकडे बघत बसण्याची आपली परिस्थिती नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं इंटरनेटवरून ऐकलं तर तासाला 300-400 एमबी खातं, म्हणजे दीड जीबीचा पॅक चार तासांत संपला. घरचा राउटर मात्र इंटरनेट नसतानाही फोन आणि पायला जोडून ठेवतो; त्याला फक्त लाईन लागते. लिरियनचीही एक गोष्ट माहीत असावी. हा मूळचा स्क्वीझबॉक्स नावाच्या गाणी वाजवायच्या पेट्यांचा सर्व्हर. लॉजिटेकने 2006 मध्ये त्या बनवणारी स्लिम डिव्हायसेस ही कंपनी घेतली, 2012 मध्ये पेट्या बनवणं बंद केलं, आणि तरी लोकांनी सॉफ्टवेअर जिवंत ठेवलं. आता त्याचं नाव लिरियन. कंपनी गेली तरी गाणी आपल्या फोल्डरमध्ये साध्या फ्लॅक फाईल (दर्जा न गमावता आकार कमी केलेल्या) म्हणून राहतात, म्हणून माझा त्याच्यावर जीव आहे.

आता दोन एसएसडी का. फ्लॅक केल्यावर एक सीडी साधारण 350-400 एमबी होते, म्हणजे तुमच्या 300 सीडी 120 जीबीत मावतात. एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा दोन लहान घ्या: एक सर्व्हरला, दुसरी कपाटात, आणि जमलं तर ती दुसऱ्याच घरी. आमच्या गावात मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, खडी गंमत (आपल्याकडचं लोकनाट्य) व्हायची. मोठे बाबा ढोलकीवर असायचे. स्टेजच्या कडेला टू-इन-वन ठेवून भरलेल्या अकरा कॅसेट माझ्याकडे होत्या. त्या मी कॉम्प्युटरवर घेतल्या, आणि ज्या चार कॅसेटना बुरशी लागली होती त्या टाकून दिल्या, कारण आता फाईल होत्या. 2021 च्या जूनमध्ये वादळात लाईन तीनदा लुकलुकली. फिरणारी यूएसबी हार्डडिस्क तेव्हा कॉपी करत होती. दुसऱ्या दिवशी लावली तर आतून नुसतं टकटक. नागपूरला एका दुकानात दिली, काही निघालं नाही. सात कॅसेट पुन्हा भरल्या. चार गेल्या. त्यातल्या एकीत सुरुवातीलाच मोठ्या बाबांनी ढोलकी आवळून एक थाप मारली होती आणि शाहिरांना विचारलं होतं, "लागली का?" ते आता माझ्या फक्त आठवणीत आहे.

म्हणून पायच्या डिस्कला ईएक्सटी4 फॉरमॅट (डिस्कवर फाईल मांडायची पद्धत) द्या. एक्सफॅट विंडोजवर सरळ दिसतो खरा, पण कॉपी चालू असताना लाईन गेली तर तो जास्त गोंधळतो. आणि नवीन गाणी टाकायचं काम लाईन स्थिर असेल तेव्हाच करा. आमच्याकडे ती वेळ पहाटेची.

सीडी उतरवायला कुणाचा तरी विंडोज लॅपटॉप महिनाभर मागून घ्या, बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सीडीवर ओरखडे असतील तर तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतं. ते आपली नक्कल इंटरनेटवरच्या यादीतल्या इतरांच्या नकलेशी ताडून बघतं. आपल्या बऱ्याच मराठी सीडी त्या यादीत सापडत नाहीत, तेव्हा टेस्ट अँड कॉपी निवडा, म्हणजे तेच गाणं दोनदा वाचून जुळवलं जातं.

नावांवर मात्र वेळ घालवा. मी सुरुवातीला घाई केली आणि फोनवर भीमसेन जोशी चार ठिकाणी दिसायला लागले: एकदा पं. लावून, एकदा न लावता, दोनदा रोमन लिपीत वेगवेगळ्या स्पेलिंगने. एमपी3टॅग या फाईलवरची नावं बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून सगळं देवनागरीत एका पद्धतीने लिहिलं. फ्लॅकमध्ये देवनागरी नीट राहते. राग गाण्याच्या नावातच लिहा. प्रकाराच्या रकान्यात अभंग, भीमगीतं, खंजिरी भजन, नाट्यगीत असं आपल्या घरात जे म्हणतात तेच घाला. माझ्या आईला कलाकाराचं नाव आठवत नाही, पण "भजन" दाबलं की तिला हवं ते समोर येतं. तुमच्या बाबांसाठी जुना फोन फक्त याच कामाला ठेवा, पडद्यावर एकच खूण, अक्षरं मोठी. घरच्या वायफायवर सिमकार्डही लागत नाही.

24 बिट, 192 किलोहर्ट्झ (आवाज किती बारकाईने मोजला ते सांगणारे आकडे) अशा जाहिरातींकडे बघू नका. सीडीचं 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ तुमच्या स्पीकरला पुरून उरतं. कॅसेट भरताना मात्र 24 बिट ठेवा, म्हणजे आवाज थोडा कमी पातळीवर घेता येतो आणि टाळ-ढोलकीचा जोर आला तरी फाटत नाही. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. तासाची कॅसेट भरायला तासच लागतो, त्यामुळे पेटीभर कॅसेटना पूर्ण हिवाळा धरा.

आणि सुरुवात सीडीपासून करू नका. त्या बाजारात किंवा कुणाकडे तरी पुन्हा मिळतील. पेटीतून आधी त्या कॅसेट काढा ज्यांच्यावर छापील नाव नाही, पेनाने काहीतरी लिहिलंय. टेप भरताना बाबांना शेजारी बसवा आणि आवाज कुणाचा, साल कोणतं, ते जे सांगतील ते तिथल्या तिथे फाईलच्या नावात लिहा. मूळ कॅसेट मात्र टाकू नका, बुरशी लागलेलीही.