ब्राऊन दिसलं की थांब

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा प्रथिन शोधायला रंगवलेली ऊतीची स्लाइड बघताना मायक्रोस्कोपवरून मान वर न करताच तू म्हणालीस, "मॅडम, ब्राऊन आलंय, पॉझिटिव्ह!" तुझा आनंद बघून मी काही बोलले नाही. पण ते मनात राहिलं, म्हणून लिहितेय.

तुला पुढे शरीरातल्या प्रथिनांच्या नकाशावर काम करायचंय, याचा मला मनापासून आनंद आहे. माथियास उलेन या शास्त्रज्ञांनी २००३ साली स्वीडनमध्ये ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलास सुरू केला. माणसाच्या सुमारे २०,००० जनुकांची प्रथिनं कुठल्या अवयवात, कुठल्या पेशीत आहेत ते शोधायचं, असं हे काम. त्यातल्या रंगवलेल्या ऊतींच्या असंख्य चित्रांचं वाचन मुंबईत बसून आपल्याच पॅथॉलॉजिस्टांनी केलंय. २०१५ च्या नकाशात जवळजवळ निम्मी जनुकं सगळ्याच ऊतींमध्ये चालू दिसली. आणि एकाच ठिकाणी जोरात चालणारी जनुकं सर्वांत जास्त कुठे? आपल्याला वाटतं मेंदूत. निघाली वृषणात.

आता तुझं ब्राऊन. तो रंग प्रथिनाचा नसतो गं. अँटीबॉडीला, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूला, जोडलेल्या एन्झाइमने तो तिथे बसवलेला असतो, आणि अँटीबॉडी भलतीकडेही चिकटते. शिकत असताना मूत्रपिंडाच्या नलिका छान तपकिरी बघून मी पॉझिटिव्ह लिहून मोकळी झाले होते. सरांनी शेजारी प्रायमरी अँटीबॉडी, म्हणजे प्रथिनाला पकडणारी पहिली अँटीबॉडी, न लावलेली स्लाइड ठेवली. तीही तितकीच तपकिरी! मूत्रपिंडात मुळातच असलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाने रंग धरला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून आधी कंट्रोल बघ, म्हणजे काय दिसायला हवं ते आधीच माहीत असलेला ऊतीचा तुकडा. बी-पेशींवरच्या सीडी२० प्रथिनाची अँटीबॉडी लावलीस तर टॉन्सिलमधले गोल फॉलिकल, म्हणजे बी-पेशींचे पुंजके, रंगले पाहिजेत, तेही पेशीच्या कडेने. टी-पेशींवरचं सीडी३ असेल तर मुख्यतः फॉलिकलच्या मधला भाग. टॉन्सिल बिनसलं असेल तर पेशंटची स्लाइड वाचूच नकोस.

आणि निगेटिव्ह आलं तरी लगेच विश्वास ठेवू नकोस. कळवण-सुरगाण्याकडून येणारी गाठ कधी इंजेक्शनच्या बाटलीत कोंबलेली असते, वर ऊती टिकवायला चमचाभर फॉर्मॅलिन. गाठीच्या निदान दहापट तरी हवं. आतला भाग तोवर खराब होतो, तिथे प्रथिन दिसणार कसं? नकाशातल्या कोऱ्या जागेबाबतही हेच विचार: खरंच नाही, की आपल्याला दिसलं नाही? बाटली आली की डॉक्टरांना फोन कर, गाठ कधी काढली ते विचार. लाजू नकोस.

हे सगळं कशासाठी, ते गेल्या आठवड्यातल्या एका काकांच्या मानेच्या गाठीत तू बघितलंसच. टीटीएफ-१ हे प्रथिन पेशींच्या केंद्रकात लख्ख पॉझिटिव्ह. पण ते फुप्फुसातही असतं आणि थायरॉइडमध्येही. थायरोग्लोब्युलिन मात्र थायरॉइडचंच. कुठलं प्रथिन कुठे राहतं हे कुणीतरी नीट शोधून ठेवलंय, म्हणून त्या काकांचा कॅन्सर मुळात कुठला ते आपण सांगू शकतो. त्यावर त्यांचे उपचार ठरणार आहेत.

त्या गाठीचा मेणातला ब्लॉक मी काढून ठेवलाय. सोमवारी थायरोग्लोब्युलिन तूच लाव. त्याच स्लाइडवर थायरॉइडचा तुकडा कंट्रोल म्हणून घे, आणि प्रायमरी न लावलेली एक स्लाइड वेगळी कर. तिन्ही बघून झाल्यावर मला हाक मार.

तुझी,
मॅडम