छोट्या प्रकाशनसंस्थेकडून येणाऱ्या पहिल्या कथासंग्रहाची प्रसिद्धी लेखकाने स्वतः कशी करावी?

आपला पहिला कथासंग्रह चार महिन्यांनी एका छोट्या प्रकाशनसंस्थेकडून येतो आहे, तिथे सगळा कारभार दोनच माणसे पाहतात, प्रसिद्धीसाठी वेगळा माणूस नाही आणि पैसाही नाही, तेव्हा लेखकाने आपल्या परीने काय करावे, असे आपण विचारले आहे. मी या वाटेने एकदा गेले आहे आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीच्या क्रमाने केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. माझे मत थोडक्यात असे की आपण संग्रहाची प्रसिद्धी करायला जाऊ नका, त्यातल्या एका कथेची करा.

कादंबरीविषयी कोणी विचारले तर दोन वाक्यांत काहीतरी सांगता येते. संग्रहाचे तसे नसते. अकरा कथांना एका धाग्यात ओवायला गेलो की हाती येते ते ‘मानवी नात्यांचे विविध पैलू उलगडणाऱ्या कथा’ यासारखे वाक्य, जे जगातल्या कोणत्याही संग्रहाच्या मलपृष्ठावर छापता येईल. माझ्या मलपृष्ठावर हे वाक्य अक्षरशः आहे, आणि ते मीच लिहून दिले होते. एक कथा मात्र वीस मिनिटांत वाचून होते, ती कोणाला पाठवता येते, मोठ्याने वाचून दाखवता येते, तिच्यावर जेवणाच्या टेबलावर भांडता येते. कादंबरीकाराला मधले एखादे प्रकरण सुटे काढून असे फिरवता येत नाही. कथासंग्रह खपत नाहीत ही तक्रार आपण पुष्कळ ऐकली असेल, पण कथासंग्रहाचे हे एक बलस्थान आपल्या हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

कोणती कथा निवडायची, यावर मात्र वेळ घालवा. ती संग्रहातली सर्वोत्तम कथा असेलच असे नाही, शीर्षककथा तर बहुधा नसतेच. मी शीर्षककथा पुढे केली होती. ती चौतीस पानांची होती, माझी लाडकी होती, आणि तिच्याविषयी मला कोणी एक अवाक्षरही विचारले नाही. पुढे जिच्यामुळे पुस्तक थोडेफार हलले, ती नऊ पानांची कथा होती: शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला एका जुन्या मशीनच्या पोटात घडी घातलेली चिठ्ठी सापडते, आणि ती उघडावी की तशीच परत ठेवावी, एवढ्या एका संध्याकाळच्या घालमेलीत कथा संपते. हे वाक्य मी कोणालाही सांगितले की समोरचा ‘मग उघडली का?’ असे विचारतो. आपल्या संग्रहातल्या तीन-चार कथा अशाच एकेका वाक्यात, साहित्याशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना सांगून पाहा आणि कोणत्या वाक्यानंतर ‘मग?’ येते ते टिपून ठेवा. लेखक मित्रांना विचारू नका, ते शैलीबद्दल बोलतात.

ही कथा पुस्तकाच्या आधी, साधारण सहा-आठ आठवडे अगोदर, एखाद्या नियतकालिकात किंवा संकेतस्थळावर यावी असा प्रयत्न करा. इथे दोन गोष्टी तपासाव्या लागतात. बहुतेक संपादकांना अप्रकाशित कथाच हवी असते, त्यामुळे पुस्तक बाजारात आल्यावर ही वाट जवळपास बंद होते. शिवाय संग्रहाचा करार झालेला असल्यामुळे पुस्तकातली कथा अन्यत्र छापायला देण्याचा हक्क आपल्याकडे आहे की प्रकाशकाकडे, हे करारपत्रात पाहून घ्यावे लागते. छोटे प्रकाशक सहसा आनंदाने होकार देतात, पण तो होकार लेखी असावा. कथेच्या शेवटी ‘आगामी संग्रहातून’ एवढी ओळ, पुस्तकाचे नाव आणि प्रकाशनाचा महिना छापला जाईल हेही संपादकांकडून आधीच कबूल करून घ्या. माझ्या वेळी ती ओळ जागेअभावी गळली आणि सगळा खटाटोप फुकट गेला.

एका सुट्या कथेची ताकद किती असू शकते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे क्रिस्टन रूपेनियन यांची ‘कॅट पर्सन’ ही कथा. ती डिसेंबर 2017 मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकात आली, समाजमाध्यमांवर तिच्यावर आठवडेच्या आठवडे वाद झाले, आणि लेखिकेचा पहिला संग्रह 2019 मध्ये आला तेव्हा लोकांना ती कथा आधीच ठाऊक होती. तेवढे भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्याला येते आणि ते योजून आणता येत नाही, परंतु क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी कथा, मग पुस्तक. ‘इलेक्ट्रिक लिटरेचर’ या संकेतस्थळाने 2012 पासून चालवलेल्या ‘रेकमेंडेड रीडिंग’ या साप्ताहिकाची पद्धतही मला फार शहाणपणाची वाटते. तिथे कथेच्या आधी दुसऱ्या एखाद्या लेखकाने किंवा संपादकाने लिहिलेली छोटी प्रस्तावना असते, ही कथा मला का आवडली एवढेच सांगणारी. आपल्या ओळखीच्या एखाद्या ज्येष्ठ लेखकाकडे संपूर्ण संग्रहावर अभिप्राय मागितला तर सहा महिने जातात. ‘या एका कथेविषयी दीडशे शब्द लिहाल का’ असे विचारले तर उत्तर आठवड्यात येते.

आता परीक्षणांकडे वळते, कारण आपल्या चार महिन्यांचा खरा प्रश्न तिथे आहे. पुस्तक छापून हातात आले की मग प्रती पाठवू, हा नवोदिताचा ठरलेला गैरसमज असतो आणि माझाही तोच होता. परीक्षणे छापणाऱ्या मोठ्या नियतकालिकांना मजकूर प्रकाशनाच्या तीन-चार महिने आधी हवा असतो, कारण त्यांना परीक्षक शोधायचा असतो, परीक्षकाला वाचायचे असते आणि अंकाचे नियोजन आधीच झालेले असते. म्हणजे आपल्यासाठी ती वेळ आजच आहे. अंतिम मुद्रितशोधन झाले नसले तरी चालते. पहिल्या पानावर ‘असंशोधित प्रत, उद्धृत करण्यापूर्वी छापील पुस्तकाशी ताडून पाहावे’ अशी टीप टाकून पीडीएफ पाठवता येते.

मी साठ जणांना एकच पत्र पाठवले होते. वरचे नाव तेवढे बदलायचे आणि पाठवायचे, असा दोन रात्रींचा उद्योग होता, आणि त्यात एका संपादकांना दुसऱ्याच संपादकांच्या नावाने संबोधून मोकळी झाले. साठांपैकी दोघांनी उत्तर दिले, त्यातले एक त्या चुकीबद्दलच होते. पुढच्या खेपेला मी अठराच पत्रे लिहिली, पण प्रत्येकाने गेल्या वर्षभरात कशावर लिहिले ते आधी वाचून. एका परीक्षकांनी कारागिरांच्या जगावर लेख लिहिला होता, त्यांना मी लिहिले, ‘आपल्या लेखात हत्यारांची नावे जशी येतात तशी ती कथेत यावीत असा माझा प्रयत्न असतो, सोबत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची नऊ पानांची कथा जोडली आहे, ती रुचली तर पूर्ण संग्रह पाठवते.’ एवढेच. त्यांनी संग्रह मागवला. पत्र पाच-सहा वाक्यांच्या वर जाऊ देऊ नका, तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, आणि नंतर विषय सोडून द्या.

प्रकाशकाशी एकदा दीड-दोन तास बसून कामांची वाटणी करून घ्या. हे संकोचाचे काम आहे, कारण छोटा प्रकाशक बहुधा प्रेमापोटी पुस्तके काढत असतो आणि त्याला हिशेब विचारणे कृतघ्नपणाचे वाटते. तरीही विचारा: पहिली आवृत्ती किती प्रतींची, त्यातल्या परीक्षणासाठी किती, लेखकाला किती आणि जादा प्रती कोणत्या सवलतीत, वितरक कोण, विक्रेते न खपलेल्या प्रती परत करू शकतात का. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. पुष्कळ विक्रेते परतीची सोय नसेल तर अनोळखी लेखकाचे पुस्तक ठेवतच नाहीत, आणि परतीची सोय असेल तर पहिल्या तिमाहीत ‘विकल्या गेल्या’ म्हणून ऐकलेल्या प्रती पुढच्या तिमाहीत परत येऊ शकतात, त्यामुळे पहिल्या आकड्यावर पेढे वाटू नयेत.

याच बैठकीत पुस्तकाची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. तेरा अंकी आयएसबीएन (म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक), शीर्षक, लेखकाचे नाव, पृष्ठसंख्या, विषयवर्ग, मुखपृष्ठाचे चित्र आणि चार ओळींची ओळख, एवढ्या मजकुरावर ऑनलाइन विक्रेते आणि ग्रंथालये आपले पुस्तक शोधतात. माझ्या आडनावात एके ठिकाणी ह्रस्व आणि दुसरीकडे दीर्घ वेलांटी पडली होती. छापील नावाने शोधणाऱ्याला पुस्तक सापडतच नव्हते, आणि हे मला प्रकाशनानंतर सात आठवड्यांनी एका वाचकाच्या तक्रारीमुळे कळले. त्या सात आठवड्यांत आलेली दोन्ही परीक्षणे वाया गेली असे मी आजही मानते.

अभिवाचनाला कमी लेखू नका. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला सात माणसे होती, त्यातली दोन ग्रंथालयाचे कर्मचारी. मी शीर्षककथा पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि पंधराव्या मिनिटाला मागच्या रांगेतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर मी वाचनासाठी वेगळी संहिता करू लागले: बारा मिनिटे, म्हणजे साधारण दीड हजार शब्द, लांब वाक्ये तोडलेली, संवादात ‘तो म्हणाला’ कमी केलेले, अक्षरे मोठी, आणि पान उलटताना वाक्य तुटणार नाही अशी मांडणी. पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा वाचला पाहिजे असा कोणताही नियम नाही. चिठ्ठीची कथा मी चिठ्ठी हातात येते तिथे थांबवते. हा थोडा चावटपणा आहे, हे मान्य. पण त्या क्षणी पुस्तकाच्या टेबलाकडे माणसे वळतात. जमल्यास कथेच्या विषयाशी ज्यांचा संबंध आहे अशांपुढेही वाचा. शिवणकाम शिकणाऱ्यांच्या एका वर्गात मी ती कथा वाचली, तिथे साहित्याचा कोणी विद्यार्थी नव्हता. एका बाईंनी बॉबिन केसमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या डबीत, कागद मावणार नाही, तो खालच्या खणात सापडायला हवा, अशी चूक दाखवली, आणि तिथे संध्याकाळभरात गेल्या तितक्या प्रती साहित्यिक व्यासपीठावर कधी गेल्या नाहीत.

समाजमाध्यमांविषयी फारसे सांगण्यासारखे माझ्याकडे नाही. आपण जिथे आधीपासून वावरता तिथेच लिहा. पुस्तकासाठी नवे खाते उघडून तीन आठवडे मुखपृष्ठ फिरवले की लोक नजर वळवतात. गुडरीड्ससारख्या ठिकाणी आलेल्या वाचकाच्या प्रतिकूल मताला उत्तर देऊ नका, आभारही मानू नका. आणि घरच्यांना किंवा जिवलग मित्रांना ॲमेझॉनवर अभिप्राय लिहायला लावू नका. त्यांच्या नियमांत ते बसत नाही, असे अभिप्राय काढून टाकले जातात, आणि वाचकालाही ते दूरूनच ओळखू येतात.

पुरस्कारांचे काम कंटाळवाणे असले तरी वेळेवर करावे लागते. बऱ्याच पुरस्कारांसाठी प्रवेशिका प्रकाशकानेच पाठवायची असते, ठरावीक वर्षातले पुस्तक लागते आणि ठरावीक संख्येने प्रती द्याव्या लागतात. दोन माणसांच्या प्रकाशनसंस्थेत ही तारीख हमखास निसटते, म्हणून तारखांची यादी आपणच करून प्रकाशकाच्या हाती द्या. ‘छोट्या प्रकाशकाच्या कथासंग्रहाला कोण विचारतो’ असे कोणी म्हणाले तर 2025 चा आंतरराष्ट्रीय बुकर आठवा: बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा दीपा भास्ती यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, ‘अँड अदर स्टोरीज’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने काढलेला. तो पुरस्कार कथासंग्रहाला मिळण्याची ती पहिली वेळ होती. अर्थात त्या कथांमागे तीन दशकांचे लेखन होते, आपला आणि माझा तर पहिलाच संग्रह.

विक्रीच्या आकड्याबाबत मन आधीच तयार ठेवा. पहिल्या महिन्यात प्रती जातात त्या बहुतांशी ओळखीच्यांकडे. अनोळखी वाचक चौथ्या-पाचव्या महिन्यात उगवतो, आणि तो जवळजवळ नेहमी एखाद्याच कथेविषयी लिहितो. ती कथा कोणती हे वहीत टिपत जा. माझ्या वहीत चिठ्ठीच्या कथेखालोखाल जिचे नाव सर्वांत जास्त वेळा आले, ती कथा मी संग्रहातून वगळायला निघाले होते. दुसऱ्या वर्षीची सगळी अभिवाचने मी तिच्यावर केली.

आता या आठवड्यापुरते: करारपत्रातले हक्काचे कलम वाचा, कथा निवडा, आणि परीक्षणासाठी नेमक्या किती प्रती मिळणार तो आकडा प्रकाशकाकडून घ्या. तो कळल्याशिवाय पत्रांची यादी करायला बसू नका, नाहीतर माझ्यासारखी साठ नावे होतील.