मुलाला ट्रेडर व्हायचंय, बाबा म्हणतात सट्टा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लातूरला तुमच्या यजमानांची आडत आहे, मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभरापूर्वी त्यानं मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन्स, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या चढ-उतारावरचे करार, घ्यायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात १८ हजार मिळाले, पुढच्या चार महिन्यांत ६५ हजार गेले. आता पुण्यातला ५५ हजारांचा क्लास लावून त्याला फुल-टाइम ट्रेडर व्हायचं आहे, आणि त्यासाठी धाकटीच्या शिक्षणाची एफडी मोडा म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, शेअर बाजार म्हणजे सट्टा, सोड ते आणि बँकेच्या परीक्षांना बस. हे करिअर असतं का, आणि नवख्यानं पैसे घालायचेच तर कशात, असं तुम्ही विचारलंय.

पहिलं उत्तर आधी देते: एफडी मोडू नका. बाकीचं शांतपणे बोलू.

बाप-लेक दोघंही ‘शेअर बाजार’ म्हणून भांडतायत. पण तुमच्या पत्रावरून दिसतं की मुलानं आजवर एकही शेअर घेतलेला नाही. त्यानं घेतले ते ऑप्शन्स. हा फरक घरात आधी स्पष्ट व्हायला हवा, कारण बाजारात मिळणाऱ्या वस्तू एका जातीच्या नाहीत. काहींत तुम्ही कुणाला तरी पैसे उसने देता, काहींत धंद्यात मालक म्हणून वाटा घेता, आणि काहींत फक्त भावावर करार करता.

उसने देण्याचं तुम्हाला माहीतच आहे. एफडी म्हणजे बँकेला दिलेले पैसे. एका बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल-व्याजासह ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण आहे, ते लक्षात ठेवून ठेवी विभागा. सरकारला उसने द्यायचे तर पीपीएफ आहे, १५ वर्षांचा. कमी मुदतीसाठी ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारची अल्पमुदतीची कर्जं, आहेत. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर खातं उघडून ती १० हजारांपासून थेट घेता येतात. मुलाला एकदा तरी हे खातं उघडायला लावा. सरकार कर्ज कसं घेतं, व्याजाचा दर लिलावात कसा ठरतो, हे त्याला त्यातून कळेल, आणि बी.कॉम.च्या पुस्तकात ते इतक्या जिवंतपणे येत नाही.

मालकीचा वाटा म्हणजे शेअर. आज घेतला की पुढच्या कामकाजाच्या दिवशी डीमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, जमा होतो. कंपनी कमावते तसा वाटा वाढतो, बुडाली तर बुडतो. एकेक कंपनी पारखायची ताकद यायला वर्षं लागतात, म्हणून नवख्यानं इंडेक्स फंडापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. निफ्टीचा इंडेक्स फंड म्हणजे देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांत एकदम वाटा, खर्च कमी, महिना पाचशे रुपयांची एसआयपी, म्हणजे ठरावीक हप्ताही चालतो. मात्र हाही पडतो. २०२० मध्ये जानेवारी ते मार्च या अडीच महिन्यांत निफ्टी एक तृतीयांशाहून जास्त खाली आला होता. म्हणून पाच-सात वर्षांच्या आत लागणारा पैसा, म्हणजे धाकटीचा, इथे घालायचा नाही. सोनं हवंच असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा सोन्याचा फंड, घ्या, घडणावळ आणि लॉकर दोन्ही वाचतात.

आता वायदे आणि ऑप्शन्स. वायदा तुमच्या यजमानांना मी काय सांगणार! डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सोयाबीनचे वायदे थांबवले, तेव्हा मोंढ्यात झालेली चर्चा त्यांना आठवत असेल. तेल गिरणीला पुढच्या महिन्याचा भाव आज बांधून घ्यायचा असतो, त्यासाठी वायदा आहे. ज्याच्याकडे माल आहे किंवा ज्याला माल लागणार आहे, त्याच्यासाठी ते संरक्षण आहे. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याच्यासाठी तो नुसता भावावरचा डाव. इथे यजमानांचा ‘सट्टा’ हा शब्द बरोबर लागू पडतो, शेअरला नाही.

ऑप्शन समजून घ्यायला प्लॉटचा इसार आठवा. भाव ठरवून इसार दिला, मुदतीत व्यवहार केला नाही, तर इसार गेला. ऑप्शन घेणारा प्रीमियम देतो, तो असाच इसार. पण प्लॉटच्या इसाराला तीन-सहा महिने मिळतात, आणि निफ्टीचे जे ऑप्शन्स मुलगा घेतो त्यांची मुदत आठवड्यात संपते. मुदतीपर्यंत धरला तर भाव नुसता वाढून भागत नाही, दिलेल्या इसाराहून जास्त वाढावा लागतो, तोही त्या चार-पाच दिवसांत. बाजार जागच्या जागी राहिला तरी प्रीमियम रोज थोडा वितळतो. आणि ऑप्शन विकणारा विमा कंपनीसारखा असतो: रोज थोडा हप्ता जमा, एखाद्या दिवशी मोठा दावा. विमा कंपनीकडे त्यासाठी गंगाजळी असते, विद्यार्थ्याकडे नसते. नोव्हेंबर २०२४ पासून निफ्टीसारख्या निर्देशांकावरच्या नव्या कराराचं मूल्य किमान १५ लाख ठेवलं आहे. मुलाच्या खिशातून सात-आठ हजार जातात म्हणून त्याला सौदा तेवढाच वाटतो, पण दोरी १५ लाखांच्या व्यवहाराला बांधलेली असते.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स (म्हणजे वायदे) आणि ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. समोरच्या बाजूला कमावणारे होते मोठे संस्थात्मक ट्रेडर, ज्यांचे सौदे मुख्यतः संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालतात. २०२३-२४ मध्ये या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. ताई, हे आकडे मुलाला हिणवायला वापरू नका. ६५ हजार गेले म्हणून तो मूर्ख ठरत नाही. त्याच्यासारखी लाखो मुलं त्या दारातून आत गेली, कारण तेच दार सगळ्यात जास्त उघडं आणि झगमगीत होतं. आणि परकीय चलनाचे सौदे करून देणारं एखादं ॲप त्याला कुणी सुचवलं, तर रिझर्व्ह बँकेची अनधिकृत प्लॅटफॉर्मची सतर्कता यादी आधी बघायला सांगा.

करिअरचं म्हणाल तर, तुमच्या घरातच उत्तर आहे. आडत्या भावावर पैज लावत नाही. शेतकऱ्याचा माल येतो, सौदा होतो, वजन-काटा, पट्टी, पैसे चुकते करणं, या विश्वासाच्या कामाची आडत त्याला मिळते. भांडवली बाजारातही अशी कामं भरपूर आहेत: ब्रोकरकडे डीलर, सौद्यांची पूर्तता बघणारे, नियमांची तपासणी करणारे, म्युच्युअल फंड वितरक, संशोधन विश्लेषक. यांतल्या बऱ्याच कामांना एनआयएसएमची प्रमाणपत्रं लागतात. ही सेबीनं स्थापन केलेली संस्था, तिचं संकुल आपल्याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. म्युच्युअल फंड वितरकांसाठी सिरीज ५-ए, इक्विटी डेरिव्हेटिव्हजची, म्हणजे शेअर बाजारातल्या वायदे-ऑप्शन्सची, सिरीज ८, संशोधन विश्लेषकांसाठी सिरीज १५. शुल्क त्या क्लासच्या मानानं किरकोळ. मला वाटतं मुलानं आधी सिरीज ८ द्यावी. ज्या गोष्टीत पैसे घालवले, ती नीट शिकण्याची त्याला ओढ असणारच, आणि ती ओढ खरी आहे, ती मारू नका. पदवी होईपर्यंत ती परीक्षा पास झाली तर ब्रोकरच्या ऑफिसात उमेदवारी मागायला त्याच्या हातात काहीतरी असेल. क्लासवाल्यांना मात्र एकच विचारा: तुमचा सेबी नोंदणी क्रमांक काय, आणि गेल्या तीन वर्षांचं तुमचं ट्रेडिंगचं विवरणपत्र दाखवाल का?

एक काम या आठवड्यातच करा. ब्रोकरच्या ॲपमधून त्याला वर्षभराचं नफा-तोट्याचं स्टेटमेंट काढायला सांगा आणि बाबांच्या शेजारी बसून, त्यांच्या आडतीच्या वहीसारखं, ओळीनं वाचायला लावा: किती सौदे, किती दलाली, किती कर, बाकी काय उरलं. बाबांनी त्या वेळी ओरडायचं नाही, फक्त आकडे लिहायचे. ते स्टेटमेंट मग कर सल्लागाराकडे न्या. ऑप्शन्सचा तोटा हा धंद्याचा तोटा धरतात. आयकर विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो धंद्याच्या पुढच्या नफ्यातून वजा करायला आठ वर्षं ओढता येतो, मुदत चुकली तर तो हक्क जातो. बेरीज झाली की मला कळवा, सिरीज ८ च्या अभ्यासाचं वेळापत्रक त्याला मी स्वतः आखून देईन.